पन्नी सोडायची तर नवी थैली विकत घेऊ नका

आपल्या नागपुरात कोणाच्याही घरी जा आणि दाराआडची खुंटी बघा, थैलीवर थैली लटकलेली असते. लग्नातून आलेली, वास्तूतून आलेली, ज्वेलर्सची, कोचिंग क्लासची, साडीच्या दुकानाची. आणि त्याच घरातला माणूस संध्याकाळी ऑफिसातून येता येता गोकुळपेठेत भाजीला थांबतो तेव्हा गाडीच्या हँडलला चार पन्न्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या, एकीत आलू-कांदे, एकीत टमाटर, एकीत सांबार (कोथिंबीर)-मिरच्या आणि एकीत दही. म्हणजे थैल्यांची कमी अजिबात नाहीये, थैली घरी आहे आणि माणूस बाजारात आहे, बस एवढाच घोळ आहे. पण लोकं पन्नी सोडायची ठरवली की पहिले मोबाईल काढून छान छापाची कॉटनची बॅग ऑर्डर करतात, आणि मला मनापासून वाटतं की तिथेच गाडी चुकते.

का चुकते ते सांगते, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण हे फार कोणी बोलत नाही.

कापूस आपल्याला काही लांबचा नाही. हे शहर कापसावर मोठं झालं, जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला इथे एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस इथे पिकत होता म्हणूनच, आजही केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे आणि वर्धा रोड असो की अमरावती रोड, शहर संपलं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसायला लागते. त्यामुळे कापूस म्हणजे काय भानगड असते हे आपल्याला माहीत असायला पाहिजे. बियाणं, खत, फवारणीमागे फवारणी, वेचाई, मग जिनिंग, मग सूत, मग रंगाई, आणि रंगाईला पाणी किती लागतं ते वेगळंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आठवत असेल. ज्या झाडामागे एवढं सगळं आहे त्याच्या धाग्याची थैली शिवायची, चारदा वापरायची आणि खुंटीला टांगून द्यायची, हे मला बघवत नाही.

याचे आकडेही आहेत. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये एक अभ्यास काढला, त्यात फक्त हवामानबदलाचा हिशेब धरला तर कापडी थैली १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ पन्नीच्या बरोबरीला येते असं निघालं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये सगळे परिणाम एकत्र धरून मोजलं, तर साध्या कापसाच्या थैलीला ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या थैलीला २०,००० वेळा असा आकडा आला. हे वाचून बरेच जण म्हणतात, बघा, पन्नीच बरी! तर तसं नाहीये बाप्पा. एक तर त्या मोठ्या आकड्यामागे ओझोनच्या थरावरच्या परिणामाचा भाग आहे, नुसतं हवामानाचं बघितलं तर त्याच डेन्मार्कवाल्या अभ्यासात साध्या कापसाचा आकडा ५२ वर येतो. आणि दुसरं म्हणजे ह्या दोन्ही अभ्यासांत पन्नी फेकल्यानंतर ती नालीत जाते का गाईच्या पोटात जाते ह्याचा हिशेबच धरलेला नाही. ब्रिटन-डेन्मार्कात कचरा बहुतेक गोळा होऊन भट्टीत नाहीतर डेपोत जातो. आपल्याकडे काय होतं ते आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की दिसतं.

म्हणून त्या आकड्यांमधून मी एकच गोष्ट घेतली. थैली कशाची आहे ह्यापेक्षा ती किती वर्षं चालवली ह्याला जास्त भाव आहे. आणि जी थैली जुन्या पडद्याची, जुन्या पँटची, फाटलेल्या बेडशीटची आहे तिच्यासाठी नवीन कापूस लागलाच नाही, तिचं खातं पहिल्या दिवसापासूनच जमेत.

आईकडे एक वायरची पिशवी होती, ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली, निळी-पांढरी चौकड्याची, जुन्या लोकांना लगेच आठवेल. ती प्लॅस्टिकचीच की. पण आई तिच्यात भाजी आणायची, दळण न्यायची, गावाला जाताना डबे ठेवायची, पाऊस लागला तर नळाखाली धरून झटकली की झालं काम. एक कान तुटला तेव्हा आईने सुतळीने बांधून घेतला आणि ती पुढे कितीतरी वर्षं चालली. त्यामुळे मला प्लॅस्टिक दिसलं की राग येतो असं नाही. राग येतो तो भाजीच्या गाड्यापासून घरच्या ओट्यापर्यंत दहा मिनिटं जगणाऱ्या पन्नीचा, जी त्यानंतर आपल्या नातवंडांपर्यंत कुठे ना कुठे पडून राहणार.

कुठे पडून राहणार तेही बघा. ह्या पन्नीचं वजन एवढं कमी की भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्या तर तो किलोने घेतो, पण सांबाराची झुळझुळीत पन्नी कोणी घेत नाही, तिला वेचून पोट भरत नाही म्हणून कचरा वेचणाऱ्या बायाही ती सोडून देतात. मग ती उडते. तारेच्या कुंपणाला अडकते, नालीत जाते, नालीतून नागनदीत. नागनदी म्हणजे आपल्या शहराचं नाव जिच्यावरून पडलं ती नदी, ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. तुम्ही धरमपेठेत टाकलेलं काहीही भंडाऱ्याच्या दिशेने निघालेलं असतं. पहिल्या पावसात पुलावर उभं राहून बघा, पाण्यावर काय काय तरंगत जातं ते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तर आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट, अंबाझरी लेआऊटमध्ये घराघरात पाणी. तो पूर पन्नीमुळे आला असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल, नदीचं पात्र अडवलेलं होतं, पाऊसच तसा होता, कारणं खूप. पण पाणी उतरल्यावर ज्यांनी घरासमोरची नाली साफ केली त्यांना विचारा खाली काय सापडलं. गाळात पन्नी बसली की ती गाळाला धरून ठेवते, पाण्याचा लोंढा गाळ वाहून नेऊ शकतो पण पन्नीने बांधलेला गाळ तो नेऊ शकत नाही, फावड्यानेही तो सरळ तुटत नाही, चिंध्यांसारखा ओढावा लागतो. मुंबईतही २६ जुलै २००५ च्या पुरानंतर नाल्यांमधल्या पन्न्यांवरून एवढी ओरड झाली ती ह्याच कारणासाठी.

आणि गाई. हे लिहिताना मला त्रास होतो पण लिहिते. आपण काय करतो, भाज्यांची सालं, शिळी पोळी, उरलेला भात पन्नीत भरतो, वरून घट्ट गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. गाईला हात नाहीत गाठ सोडायला. तिला आतल्या पोळीचा वास येतो, ती पन्नीसकट गिळते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात ती पन्नी जाऊन बसते आणि रवंथ करून ती काही मोडत नाही, पुढेही सरकत नाही, एकावर एक गुंता होत जातो आणि मग पोट भरलेलं दिसतं आणि गाय उपाशी असते. जनावरांचे डॉक्टर ऑपरेशन करून हे गाठोडे बाहेर काढतात, ज्यांनी बघितलंय ते सांगतात ओल्या दोरखंडासारखा पीळ पडलेला असतो. आपण पोळ्याला बैल सजवतो, तान्ह्या पोळ्याला लेकरांना लाकडी नंदी घेऊन देतो, आणि बाकीचे दिवस गल्लीतल्या गाईला गाठ मारलेली पन्नी. ओला कचरा पन्नीत बांधायची गरज काय आहे? सरळ बकेटीत टाका, कचरागाडी आली की तिच्यात रिकामी करा, बकेट धुवा. पेपरचा तुकडा खाली घातला तर चिकटतही नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून बंदी प्रत्यक्षात लागू झाली, आपल्या राज्यात कॅरीबॅग कितीही जाड असली तरी चालत नाही. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. देशभरात वेगळा नियम आला, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या खालची बंद आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० च्या खालची बंद. कागदावर सगळं आहे. आणि सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेलं की भाजीवाल्याच्या प्रत्येक पाटीच्या बाजूला खिळ्याला पन्न्यांचा गड्डा लटकलेला.

ह्यावर आपण लगेच भाजीवाल्यांना नावं ठेवतो, ते मला पटत नाही. मी जिच्याकडून नेहमी भाजी घेते त्या काकूंना एकदा सरळ विचारलं की काकू तुम्ही पन्नी ठेवताच काहून? त्या म्हणाल्या, "माय, पन्नी नाही दिली तं गिऱ्हाईक बाजूच्या पाटीवर जाते. मले का हौस आहे? मी पैसे देऊनच तं आणतो." आणि खरंच आहे, पन्नी काही त्यांना फुकट मिळत नाही, किलोवर विकत आणावी लागते, म्हणजे दहा रुपयाच्या सांबारावर त्यांना जे काही सुटतं त्यातूनच ती पन्नी जाते. वरून दंडाची भीती त्यांनाच. एका दिवसात भाजी विकून ५,००० रुपये कमावणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच माहीत. आणि मागणारे कोण, तर आपण, कारमधून काच खाली करून "भैया, एक थैली और दो" म्हणणारे. मला वाटतं ही बंदी जेवढी दंड करणाऱ्या पथकाच्या हातात आहे त्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकाच्या हातात आहे. दहातले सहा-सात जण थैली घेऊन आले तर काकू स्वतःच तो गड्डा आणायचा बंद करतील, त्यांचेच पैसे वाचतात.

फक्त एक आहे, सांगायचं ते आधी सांगावं लागतं. भाजीवाल्यांचा हात फार जलद चालतो, तागडीतून वांगे उचलले की दुसऱ्या हाताने पन्नी ओढलेली असते, अंगठ्याने चोळून तोंड उघडलेलं असतं, आणि एकदा उघडून भाजी आत गेली की मग "नको" म्हणून उपयोग नाही, ती पन्नी बाजूला पडून उडूनच जाणार. म्हणून मी पाटीसमोर बसताच आधी थैलीचं तोंड उघडून समोर धरते, मग भाव विचारते. थैली दिसली की कोणी पन्नीला हात लावत नाही, उलट पारडं थेट थैलीत रिकामं करतात आणि दोन मिरच्या वरून टाकतात.

दुकानदारांनी मात्र एक पळवाट काढलीय, ती ओळखायला शिका. कापडासारखी दिसणारी, रंगीत, खरबरीत, कपड्याच्या आणि मिठाईच्या दुकानात मिळते ती थैली. सगळे तिला कापडीच म्हणतात. ती कापडी नाही, ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच, प्लॅस्टिकचे बारीक धागे गरम करून दाबून चिकटवलेले. उजेडासमोर धरा, खऱ्या कापडात उभा-आडवा धागा दिसतो, हिच्यात नुसते दाबलेले ठिपके दिसतात. कडेचा धागा ओढून बघा, निघतच नाही. नियमात हिच्यासाठीही किमान ६० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची) अट आहे पण हाती येते ती बहुतेक मच्छरदाणीसारखी विरळ. गच्चीवर उन्हात एखादा उन्हाळा राहिली, आणि आपला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, तर हातात घेताच तिचा भुगा होतो, आणि तो भुगा गोळा करणं पन्नी गोळा करण्यापेक्षाही कठीण. घरी आलेलीच असेल तर फेकू नका, सावलीत ठेवा, जेवढी चालते तेवढी चालवा, पण नवीन घेऊ नका.

मग वापरायचं काय, तर घरात आहे ते. आमच्या गल्लीत साडीला पिकोफॉल करून देणारी एक ताई आहे, तिच्याकडे मी जुने पडदे, नवऱ्याच्या जीन्स, सासूबाईंच्या विरलेल्या सुती साड्या घेऊन जाते. जीन्सचा पाय म्हणजे तयार थैलीच, खालून दोन शिलाया मारल्या, वरून कमरेच्या पट्टीचा कान लावला की आलू-कांद्याला ह्याच्यासारखं काही नाही. साडीची थैली हलकी, घडी केली की पर्सच्या कप्प्यात बसते. आणि ब्लाऊजपीस! ओटीत आलेले, हळदीकुंकवात आलेले, प्रत्येक बाईच्या कपाटात त्यांचा गठ्ठा असतो, ह्याने तिला दिला तिने हिला दिला असं करत तेच फिरत असतात. एका ब्लाऊजपीसमध्ये नाडीच्या दोन-तीन लहान थैल्या होतात, एक मिरची-लिंबूची, एक मटाराची, एक भेंडीची. मोठ्या थैलीत ह्या लहान थैल्या टाकून न्यायच्या म्हणजे घरी येऊन निवडत बसावं लागत नाही. सांबार आणि पालकाला मी जुन्या ओढणीचा तुकडा ठेवलाय, तो ओला करून पिळून त्यात जुडी गुंडाळायची आणि तशीच फ्रिजमध्ये, पन्नीत घाम सुटून सडते तशी ती सडत नाही.

ओल्या वस्तूंचं लोकं नेहमी विचारतात. दह्याला, पनीरला, चिकन-मटनाला कापडी थैली चालत नाही हे खरंच आहे, तिथे कडीचा स्टीलचा डब्बा. डेअरीवाल्या दादांना रिकामा डब्बा आधी काट्यावर ठेवायला सांगायचं, ते वजन शून्य करतात, मग दही टाकतात. खाटकाकडेही तेच. पहिल्या वेळी थोडं बघतात आपल्याकडे, नंतर त्यांनाच सवय होते. घट्ट झाकणाचा डब्बा घ्या, खड्ड्यातून गाडी गेली तरी सांडत नाही, आणि नागपूरच्या रस्त्यावर ते महत्त्वाचं आहे.

थैली धुणं हा पण मुद्दा आहे, कोणी सांगत नाही. मातीचे आलू ज्या थैलीत आणले त्यातच दुसऱ्या दिवशी ब्रेड आणू नका. भाजीच्या थैल्या आठवड्याला कपड्यांसोबत मशीनमध्ये टाका, उलट्या करून उन्हात वाळवा, पावसाळ्यात नीट वाळल्याशिवाय घडी करू नका नाहीतर बुरशीचा वास लागतो आणि तो जात नाही.

राहिली ती विसरण्याची गोष्ट. घरातून निघताना आठवण ठेवायची हा मार्गच चुकीचा आहे, कारण आपण ठरवून बाजारात जातोच कुठे, येता येता थांबतो. थैली जिथे माणूस तिथे पाहिजे. गाडीच्या डिक्कीत दोन, ऑफिसच्या बॅगेत एक. आणि भाजी ओट्यावर रिकामी केली की थैली खुंटीला टांगायची नाही, गाडीच्या चाबीखाली ठेवायची, म्हणजे सकाळी चाबी उचलताना ती हातात येतेच. आमच्या घरी मुलाकडे हे काम आहे, तो न सांगता करतो, आणि डिक्कीत थैली नसली तर तोच मला ओरडतो.

संक्रांतीच्या वाणाचंही ह्या वर्षीपासून आमच्या अपार्टमेंटच्या बायांनी ठरवलंय. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या वाटायच्या नाहीत, आणि नवीन छापलेल्या कापडी थैल्याही वाटायच्या नाहीत, कारण त्या परत खुंटीलाच जाणार. ज्याच्या त्याच्या घरच्या ब्लाऊजपीसची नाडीवाली थैली, त्यात तिळगूळ. पिकोफॉलवाल्या ताईला शिलाईचे पैसे मिळतात, आणि ते तिला मिळायलाच पाहिजेत, ओळखीची आहे म्हणून फुकट शिवून मागू नका.

शिवून घ्यायची असेल तर माप सांगून ठेवते. भाजीच्या मोठ्या थैलीला रुंदी १६ इंच, उंची १८ इंच, तळाला ५ इंचाचा पसारा ठेवायला सांगा म्हणजे थैली जमिनीवर उभी राहते. कान नुसते वरच्या काठाला लावू नका, तिथेच पहिले उसवतात, पट्टी तळापासून वर आणून दोन्ही बाजूंनी शिलाई मारून घ्या. कान एवढे लांब ठेवा की खांद्याला अडकेल, पण एवढे नको की गाडीच्या हुकला लावल्यावर चाकाला घासेल. माझ्याकडचे दोन जाड पडदे मी परवाच तिच्याकडे दिलेत, शनिवारी देते म्हणाली, त्यातली एक काकूंसाठी आहे, त्यांना घरी जाताना उरलेली भाजी न्यायला लागते.